हितं गाव उठतं

११ जानेवारी, रविवार. माधवनगर

…आणि पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. अर्धं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

"तू वाचतीस का हजेरी घेतीस?" अण्णा म्हणाला. "धनी असा बोलंल व्हय?"

मग स्वतः वाचू लागला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुस्तक हातभर लांब, आणि तो आवाज. खर्जातला, घासलेला, वाक्याच्या शेवटी जरा थांबून समोरच्याकडे बघणारा. भार्गव सोनटक्क्यांचा, सिनेमातल्या धनीचा आवाज. माझा हा थोरला भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून तो काढायला बघतोय. लग्नांत, बारशांत, पॉवरलूमच्या खडखडाटात. कधी नीट जमला नाही. आता जमतो. घशातली गाठ तो काढून देते.

वैनी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

दोन पानांनी अण्णा थांबला. पाणी प्याला. गिळताना डोळे मिटतो.

"सारं आयुष्य घासलं, आत्ता कुठं बरुबर निघाला. आन आता काढून टाकत्यात."

हे मात्र स्वतःच्या आवाजात म्हणाला. की नाही, सांगता येत नाही.

१२ जानेवारी. सातारा

पहिली एसटी. तरी पहिला तास बुडाला.

डॉक्टरांचं लिहून ठेवते, म्हणजे सारखं आठवायला नको. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मिरजेला, फेब्रुवारी लागल्या लागल्या. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. आवाज जाईल. पुढे काहींना घशात लहानशी झडप बसवून थोडं बोलता येतं. अण्णाला येईल का, आज सांगता येत नाही. गाठ किती खोल गेली आहे तेही उघडल्यावरच. तोवर बोला, म्हणाले. बोलल्यानं आणखी बिघडणार नाही.

अण्णानं यातलं 'तोवर बोला' एवढंच ऐकलं.

पुस्तक मीच नेलं होतं, फळांऐवजी. सोनटक्के मागच्या वर्षी गेले. आत्मचरित्र त्यानंतर निघालं. 'मेलो, उठलो, जेवलो.' नाव वाचून दुकानात हसू आलं आणि स्वतःचाच राग आला. नटांची आत्मचरित्रं मी वाचत नाही. एकानं सांगितलेलं, दुसऱ्यानं लिहिलेलं, मध्ये फोटो. वर्गातही तसंच सांगत आले.

बेत असा ठरला. अण्णा रोज संध्याकाळी फोनवर वाचणार, मी इथे ऐकणार. रविवारी मी माधवनगरला. ऑपरेशनच्या आत पुस्तक संपवायचं. अट एकच, मी पुढचं वाचायचं नाही.

आज राजवाड्याजवळच्या दुकानातून दुसरी प्रत घेतली. पान कुठलं ते कळावं म्हणून. फक्त तेवढ्यासाठी.

१४ जानेवारी

संक्रांत. फोन ओट्यावर ठेवून भाजी करत होते.

प्रकरण दुसरं. सोनटक्के लोणंदचे. वडील बाजारात कांद्याची पोती उचलायचे. पुढे सिनेमात पहिल्यांदा गोळी लागायची होती तेव्हा दिग्दर्शक ओरडत राहिला, माणसासारखा पड. यांना जमेना. मग कांद्याचं पोतं आठवलं. पाठीवरून सोडलं की पोतं आधी खाली बसतं, क्षणभर विचार करतं, मग एका कुशीवर कलंडतं. 'मी पोत्यासारखा पडलो. लोक म्हणाले, हा खरंच मेला. त्यानंतर मी आयुष्यभर पोत्यासारखाच मेलो आणि पेपरवाल्यांनी त्याला शैली म्हटलं.'

'क्षणभर विचार करतं' पाशी अण्णा थांबला. पुन्हा वाचलं.

वांगी करपली.

शेवटी वैनींचा आवाज आला, पलीकडून. तिळगूळ घ्या म्हणावं वन्संना. अण्णाला तिळाचा लाडू गिळता येत नाही. दुधात विरघळवून दिला म्हणे.

१६ जानेवारी

हे लेखन चांगलं आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

विशेषणं जवळजवळ नाहीत. स्वतःची कीव नाही. भाजीवालीनं पडद्यावरचा राग धरून मेथी द्यायला नकार दिला, ही हकिगत पाच ओळींत. बायको दुसऱ्या दिवशी त्याच बाईकडून मेथी घेऊन येते आणि म्हणते, 'तुमचं नाव सांगितलं नाही, म्हणून जुडी मोठी मिळाली.' पुढचं वाक्य थेट दुसऱ्या सिनेमाचं. एवढा संयम मी तीस वर्षं मुलांना शिकवते आहे. त्यांना तो कुणी शिकवला, पोत्यांनी?

कॉलेजात आज पाणी नव्हतं. मुलींच्या ग्रुपवर सोनटक्क्यांचं चित्र फिरत होतं, मिशीवर बोट ठेवलेलं, खाली तेच वाक्य. 'पाणी माझं. तहान तुमची. बोला.' विचारलं, सिनेमा पाहिलाय का. कुणीच नाही. 'मॅडम, हा माणूस लय भारी आहे.'

'पांढरीचा धनी.' शहरांत आठवडाभर चालला नाही. जत्रांच्या तंबूत मात्र वर्षानुवर्षं. दुष्काळी गाव, एकच भरलेली विहीर, ती याची. शेवटी स्वतःच्याच विहिरीत पडतो.

म्हणजे, आमच्या गावात नाही.

१८ जानेवारी, रविवार. माधवनगर

पाचगणीचं प्रकरण. एका हिंदी सिनेमात प्रेत म्हणून दिवसभर पठारावर पडून होते, थंडीत. शाळेतली पोरं सहलीला आली. एकानं वाकून विचारलं, काका, तुम्ही मेलाय का? 'हो म्हणालो. तो म्हणाला, मग सांगता कसे? मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही.'

अण्णा हसला. हसताना घशातून शीळ वाजते. आम्ही दोघंही ऐकू आली नाही असं दाखवतो.

विकासचा पुण्याहून फोन. आत्या, बाबांचा आवाज रेकॉर्ड करून ठेव. मलाही सुचलं होतं. अण्णाला विचारलं तर म्हणाला, "टेप लावायला मी काय पुढारी हाय?" तरी दुपारी मोबाइल उशीपाशी सरकवला आणि वाचायला लावलं. नंतर अंगणात जाऊन ऐकलं. स्वच्छ आलंय. पण अण्णा नाही. सोनटक्के ऐकू येतात.

हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण चुलीपाशी बसले तेव्हा वैनींनीच काढलं. (गॅस आहे. भाकरी मात्र चुलीवर.)

"वन्सं, रागावू नका. एक इचारू? ते पुस्तक कवा संपायचं?"

ऑपरेशनच्या आधी, म्हटलं.

भाकरी परतली. "लगीन झाल्यापासनं त्या मेल्याचाच आवाज ऐकत आलेय. जेवायला वाढ म्हनलं तरी धनी म्हनायचा, पोरगं झालं तरी धनीच बोलला. यांचा सवताचा कसा हाय, सांगा बरं तुमी. मला आटवंना. आन आता हायेत तेवढं दिवस बी त्यालाच दिलं."

चुलीतलं लाकूड आत सारलं. 

जेवताना अण्णाला म्हटलं, आज वाचू नकोस, बस जरा वैनींपाशी. म्हणाला, "ती हाय की हितंच. पळून चाललीया व्हय?" आणि चष्मा शोधू लागला.

२१ जानेवारी

फोन आला नाही. तपासणीला मिरजेला नेलं होतं. दमलाय.

रिकामी संध्याकाळ. गावाचं लिहून ठेवते. अण्णा सांगतो तसं नाही, घडलं तसं.

'पांढरीचा धनी'चं शूटिंग आमच्या गावाला झालं. खरा दुष्काळ होता, सेट लावावा लागला नाही. वडील मेंढरं घेऊन वरच्या मुलखात गेले होते. आई, आम्ही दोघं आणि चालता न येणारी कोकरं मागे. सिनेमावाल्यांची जेवायची सोय नव्हती, म्हणून गावानं वार लावले. आज या घरी, उद्या त्या घरी. सोनटक्के एकदा आमच्याकडे जेवले. हुलग्याचं माडगं आणि भाकरी. मी लहान होते, मला फक्त त्यांची खोटी मिशी आठवते. जेवताना काढून मांडीवर ठेवली होती.

पुढच्या चैत्रात सिनेमा जत्रेला आला. तंबू, मध्ये कापड लावून बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे. शेवटच्या आधीच्या रिळाच्या अखेरीस लोक त्याला विहिरीच्या काठाकडे रेटत नेतात. तेवढ्यात आई उठली. मला उचललं आणि म्हणाली, "ज्याला हातानं भाकर घातली त्याचं मरान बघत बसायचं व्हय?" बोलली ती शेजारणीशी. पण सगळ्याच घरांनी वार दिला होता. बायकांची बाजू उठली. मग पलीकडे बाप्येही उठले, बायका निघाल्यावर बसून करणार काय. विहीर, काठ, धनी तसेच राहिले पडद्यावर, कुणी बघणारं नाही.

दुसऱ्या वर्षी तंबूवाल्यानं शेवटची रीळ लावलीच नाही. धनी काठावर आला की दिवा लागायचा. गाव उठायचं. दरसाल. ती रीतच पडली. तंबू यायचे थांबले तोवर.

त्यामुळे आमच्या गावची पोरं धनी सुटला असंच समजत वाढली. शेजारच्या गावची पोरं आठवडी बाजारात म्हणायची, मेला की. त्यावरून अण्णानं एकाचं डोकं फोडलं होतं. माधवनगरला यंत्रमागावर कामाला लागला तिथेही सगळे सांगायचे. त्याचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या गावात मेला असंल."

मागच्या वर्षी पेपरात सोनटक्के गेल्याची बातमी आली. मीच फोन केला. ऐकून घेतलं. मग, "मुंबईत मेला असंल."

शेवट मी पाहिलेला आहे. पुण्याला शिकत असताना, वसतिगृहाच्या टीव्हीवर. काठावर आधी खाली बसतो, क्षणभर विचार करतो, मग कलंडतो. अण्णाला कधी सांगितलं नाही.

२३ जानेवारी

अट मोडली. अनुक्रमणिका पाहिली. पुढे वाचलं.

दोन गोष्टी. एक, गावावर प्रकरण आहे. 'जिथे मी मेलो नाही.' अण्णा रविवारी तिथे पोचेल. ते मी वाचलं नाही, पहिल्या ओळीलाच बंद केलं. एवढी नीयत राहिली.

दोन, शेवटचं प्रकरण त्यांचं नाही. मुलीनं लिहिलंय. शेवटचे महिने, दवाखाना. ते मात्र पूर्ण वाचलं. सोनटक्क्यांनाही घशाचाच आजार होता. हे पेपरात नव्हतं. मुलीनं काहीही गाळलेलं नाही. चांगलं लिहिलंय, म्हणून जास्त वाईट.

हे अण्णा वाचणार. त्या आवाजात, मोठ्यानं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

प्रत बदलता येईल का. पानं काढता येतील का. हा विचार मी केला, पुस्तकांवर जगणाऱ्या बाईनं. फाडलेलं त्याला कळेल. धाग्यावरून कापड कुठे तुटलंय ते सांगणारा माणूस.

वैनींना सांगावं का. नको. त्यांच्यापाशी आधीच…

२५ जानेवारी, रविवार. माधवनगर

सविस्तर लिहिते.

दुपारी जेवणं झाल्यावर अण्णा बाजेवर, मी खाली. प्रकरणाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दाराबाहेर बघत राहिले.

सुरुवात धनीच्या आवाजात. गाव, धूळ, वार लावून जेवणं. 'मी ज्या माणसाचं काम करत होतो तो त्यांना पाणी नाकारत होता आणि ते मला ताक वाढत होते.' मग एक दुपार. शूटिंग थांबलं, घसा सुकला, एका वस्तीवर गेलो. काखेत कोकरू घेतलेली बाई बाहेर आली. तांब्या दिला, पण हातातून सोडेना. म्हणाली—

इथे अण्णाचा आवाज बदलला. मी मान वळवली.

"'म्हणाली, उभ्यानं पानी पिऊ नगंस. बस आदी.'"

सोनटक्के नाहीत. खर्ज गेला. पातळ, फाटका, थोडा उंच आवाज. मेंढरांमागून हाक मारणारा. अण्णाचा स्वतःचा. किती वर्षांनी ऐकला, मला ओळखायला वेळ लागला. पुढचं सगळं तो त्याच आवाजात वाचत गेला, त्याला कळलं नाही बहुतेक.

पुढे आहे ते असं. शेवटची रीळ लावत नाहीत हे सोनटक्क्यांना तंबूवाल्याकडून कळलं. पटलं नाही. एका जत्रेला मफलर गुंडाळून एकटेच गेले, बाप्यांच्या बाजूला बसले. धनी काठावर आला. दिवा लागला. गाव उठलं. 'सगळे गेले. मी बसून राहिलो. समोर पांढरं कापड. मी जिवंत. त्यानंतर जितक्या वेळा मेलो तितक्या वेळा पडता पडता मनात म्हणायचो, एका गावात मी अजून उभा आहे. गावाचं नाव लिहीत नाही. कुणीतरी जाऊन शेवटची रीळ दाखवेल.'

अण्णानं पुस्तक छातीवर पालथं ठेवलं.

"आई हाय ती," म्हणाला.

मी म्हटलं, असेल. पण कोकरू सगळ्यांच्याच काखेत असायचं.

"उभ्यानं पिऊ नगंस म्हनली."

अण्णा, ते सगळ्यांच्या आया म्हणतात.

"तुला शिकीवलं हीच चूक झाली बघ," म्हणाला. रागानं नाही. मग म्हणाला, मफलरवाला माणूस मला आठवतो. सगळं गाव उठलं तरी एक जण बसून होता, कोपऱ्यात, खांबाला टेकून. मी विचारलं, हे आधी कधी सांगितलं नाहीस? "कुनी इचारलं न्हाई." काल आठवत नव्हता, आज खांबासकट आठवतो. राहू दे. मलाही आता थोडासा आठवू लागलाय.

वळून बघितलं तर वैनी मधल्या दारात उभ्या. हाताला पीठ. कधीच्या उभ्या होत्या माहीत नाही.

"परत वाचा," म्हणाल्या.

"काय?"

"कुटलं बी. असंच वाचा."

अण्णानं चष्मा पुसला. तेच प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वैनी खाली बसल्या, पिठाचे हात मांडीवर उपडे ठेवून. मी बाहेर अंगणात गेले. शेजारचे दोन-तीन माग चालू होते, त्यामुळे शब्द कळत नव्हते. आवाज कळत होता.

रेकॉर्ड केलं नाही. सुचलंच नाही.

२८ जानेवारी. सातारा

फोन. अर्ध्या मिनिटाचा.

"आज वाचन न्हाई. हिच्यासंगं बोलतोय."

बरं, म्हटलं.

"काय बोलतोस इचार की."

काय बोलतोस?

"तुला कशाला?" आणि ठेवला.

ओट्यावर फोन नसताना भाजी चांगली झाली. चव लागली नाही.

३० जानेवारी

कालही नाही, आजही नाही. थोडंच उरलंय. एक प्रकरण त्यांचं, मग मुलीचं. वाटलं, राहिलंच तर बरं. पण अण्णा घेतलेलं टाकणारा नाही.

आज वर्गात कविता अर्धी सोडून पोत्याची गोष्ट सांगितली. पुस्तकाचं नावही सांगितलं. मागच्या बाकावरची मुलगी लिहून घेत होती. माझ्या कुठल्या वाक्यावर ती कधी पेन उचलत नाही.

रजा टाकली.

२ फेब्रुवारी, सोमवार. मिरज

दवाखान्यात दुपारी भरती. ऑपरेशन उद्या सकाळी. कुठे कुठे सह्या, त्या वैनींनी केल्या. हळू, पूर्ण नाव.

खोलीत दोन खाटा, दुसरी रिकामी. खिडकीतून चिंच दिसते.

चार वाजता अण्णानं पुस्तक मागितलं. दिलं. त्यांचं स्वतःचं शेवटचं प्रकरण वाचलं. छोटंच आहे. जेवणाबद्दल. शॉट झाला की कुणी तरी हात द्यायचं, उठवायचं, चला जेवायला म्हणायचं. रक्ताचा रंग बोटांना तसाच, त्याच हातानं भात. 'मरणाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की त्यानंतर भूक लागते.' तिथे प्रकरण संपतं. अण्णा धनीच्या आवाजात वाचत नव्हता आणि स्वतःच्याही नाही. आता फक्त वारा आणि शब्द उरलेत.

पान उलटलं. मुलीचं प्रकरण. वर तिचं नाव, खाली 'बाबांचे शेवटचे दिवस'.

माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. काहीतरी म्हणायचं ठरवलं होतं. उशीर झाला, दिवे गेले, वाचू नको, असं काही. तोंडातून निघेना. मी वाचलंय हे माझ्या तोंडावर दिसत असणार.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पानाकडे. बराच वेळ. ओठ हलले नाहीत.

पुस्तक मिटलं. पान दुमडलं नाही, खूण घातली नाही.

"हितं गाव उठतं," म्हणाला.

वैनींना लगेच उमगलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं.  अण्णानंच त्यांना सांगितलं. तंबू, आई, विहिरीचा काठ, दिवा. हळूहळू, दम घेत, सगळं. इतकी वर्षं लग्नाला झाली आणि पुस्तकातलं सोडलं तर धनी कसा सुटला हे त्यांनी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कायम डायलॉग ऐकले.

ऐकून वैनी म्हणाल्या, "मंग बरुबर केलं सासूबाईंनी."

संध्याकाळी नर्स आली, लहानखुरी, बेळगावकडची असावी. आता उद्यापर्यंत तोंडातून काही नाही. पाणी पण बंद हं आजोबा. तांब्या उचलून घेतला.

अण्णानं तांब्याकडे बघितलं. मिशीवर बोट ठेवलं.

"सिस्टर. पाणी तुमचं. तहान माझी. बोला."

तिला काही माहीत नव्हतं. तरी हसली. वैनींनी पदर तोंडाला लावला, हसू दाबायला, मग तसाच ठेवला.

मला बाहेरच्या खोलीत झोपायला जागा मिळाली आहे. पुस्तक माझ्या पिशवीत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नेलं. जाताना खाटेखालच्या चपला भिंतीकडे सरकवून ठेवा, असं बोटानं दाखवलं. दार मिटलं.

नळापाशी जाऊन पेला भरला, तोंडाला लावला. वैनी बाकावरून म्हणाल्या, "वन्सं, उभ्यानं पिऊ नका."

त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग प्याले.